वाट फोडण्याचे अकरा दिवस

माझे सासरे आणि मी एकाच चाळीत, एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहत होतो आणि दोन वर्षं आमच्यात एक शब्द नव्हता. ते इस्पितळाचे गवंडी आणि मी तिथलीच नर्स. शेवगावकडे जाणाऱ्या रस्त्याला, गावापासून जरा बाहेर, मिशनचं ते बायकांचं छोटं इस्पितळ होतं. वीस खाटा, एक बाळंतपणाची खोली, मागं नोकरांच्या खोल्यांची चाळ आणि त्यापलीकडे चर्च. सासरे चर्चचे पंच होते. रविवारी पांढरा फेटा बांधून पहिल्या बाकावर बसायचे. मी सगळ्यांत शेवटी आत जायची आणि शेवटचं गीत सुरू झालं की बाहेर पडायची. समोरासमोर गाठ नको म्हणून.

माझा नवरा त्यांचा एकुलता मुलगा. त्यांच्याच हाताखाली काम करायचा. लढाई चालू असताना रस्ते आणि पूल बांधणाऱ्या पलटणीत भरती झाला, आसामकडे गेला आणि तिथं तापानं वारला. सरकारी कागद इंग्रजीत आला. डॉक्टरबाईंनी तो आम्हा दोघांना समोर बसवून वाचून दाखवला. पुढच्या रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना झाली आणि प्रार्थना संपल्यावर, लोक अजून उभे असताना, सासऱ्यांनी माझ्याकडे बोट केलं.

“ह्या बाईनं धाडला माझ्या पोराला. हिचा पगार घरात याया लागला, आन त्याला बापाचं काम हलकं वाटाया लागलं.”

मी उत्तर दिलं नाही. त्यात खरं होतं म्हणून दिलं नाही. एकदा भांडणात मी नवऱ्याला म्हणाले होते, “जन्मभर बापाच्या हाताखाली घमेली उचलणार आहेस का? जा कुठंतरी, माणूस हो.” तो महिनाभरात गेला. हे सासऱ्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं, पण मधली भिंत पातळ होती. त्या रविवारपासून आमचं बोलणं तुटलं ते तुटलंच. आडावर ते असले की मी बादली घेऊन परत फिरायची. मी ओट्यावर आले की ते दार लोटून घ्यायचे, आणि दार हळू लोटत नसत.

फाटकापासून बाळंतपणाच्या खोलीच्या पायऱ्यांपर्यंत काँक्रीटची वाट होती. आधी तिथं सगळी काळी माती. पावसाळ्यात बाळंतिणीची गाडी फाटकातच रुतायची आणि बाईला उचलून आणावं लागायचं. लढाईच्या दिवसांत सिमेंट परमिटवर मिळायचं. डॉक्टरबाईंनी नगरला खेटे घालून पोती आणवली आणि सासऱ्यांनी ती वाट घातली. दोन पावसाळे बरी राहिली. मग मधला भाग खचला, त्यात पाणी साचायला लागलं आणि वाटेवर शेवाळ धरलं. आम्ही राख टाकायचो, पोत्याची तरटं पसरायचो. डोळ्यांदेखत खराब होत होती, पण सासऱ्यांना जाऊन सांगणार कोण? मी तर नाहीच.

लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी, श्रावणातल्या एका दुपारी, पाथर्डीकडच्या खेड्यातली एक बाई कळा देत आली. पहिलटकरीण होती. तिची सासू तिला धरून चालवत होती. मी तिला घ्यायला पायऱ्या उतरले आणि माझ्या डोळ्यांसमोर, माझ्यापासून दहा पावलांवर, तिचा पाय घसरला. पोट वाचवायला तिनं हात पुढं टाकला आणि मनगट मोडलं. मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

मुलगी संध्याकाळी झाली. धडधाकट होती. पण आईचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये. तिला पोर उचलता येईना. पाजायला सासूनं पोर धरायचं, ती धरताना रोज मला ऐकवायची.

“दवाखान्यात आनली का मसनात आनली गं माझी सून? एवढ्या शिकलेल्या बाया तुमी, येक वाट धड न्हाई तुमच्याकडं!”

मी तिचं ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंकडे गेले. वाट खचली आहे, म्हणाले. एवढं पुरे होतं. पण मी पुढं म्हणाले, “ज्यांनी घातली त्यांना बोलावून विचारा.”

डॉक्टरबाई कोकणातल्या. कमी बोलायच्या, आणि बोलल्या की ते काम झालेलं असायचं. त्यांनी ठरवलं की वाटेवर शहाबादी फरशी बसवायची. गुळगुळीत नको, खरबरीत, म्हणजे पाय धरेल. दिवाळीनंतर सुरू करायचं आणि नाताळाच्या आत उरकायचं. फरशीचा कारागीर नगरहून येणार होता. आमचे सासरे आणि दोन बिगारी त्याच्या हाताखाली.

“आणि लक्ष तू ठेव,” त्या मला म्हणाल्या. “तक्रार तुझी आहे.”

ही बातमी सासऱ्यांना कळली त्याच दिवशी त्यांनी मला आडावर गाठलं. दोन वर्षांनी ऐकलेला त्यांचा पहिला शब्द ‘नर्सबाई’ हा होता.

“नर्सबाई, माझ्या कामाची चुगली केलीस म्हनं.”

“पडली त्या बाईचा हात बघून या, मामा. मग बोला.”

“शेवाळ धुतलं न्हाई तुमी. वाटेचा काय दोष?”

“मग फरशीवाला सांगेल कुणाचा दोष ते.”

“तो कोन सांगनार?” ते म्हणाले. “चाळीस वर्सं थापी धरली म्या. तुज्या नवऱ्याला म्याच शिकिवलं. त्याला इचार...” आणि ते थांबले. तोंड फिरवून निघून गेले. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.

कारागीर दिवाळीनंतर आला. नगरच्या झेंडीगेट भागातला, मेंदी लावलेल्या दाढीचा, वाळका म्हातारा. स्वतःची हत्यारं पोत्यात बांधून आणली होती. फरश्यांच्या दोन गाड्या आधीच येऊन पडल्या होत्या. त्यांच्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

“फरशी शेवटी, बाई,” तो म्हणाला. “आधी खालचं बघू. खालचं खोटं असलं तर वरची फरशी चार महिन्यांत हलती.”

पहिला दिवस नुसता घासण्यात गेला. तारेच्या ब्रशानं बिगाऱ्यांनी शेवाळ खरवडलं, सोडा टाकून वाट धुतली. दुसऱ्या दिवशी कारागिरानं फाटकाकडून पाणी सोडलं आणि ते कुठं वाहतं, कुठं थांबतं ते उकिडवा बसून बघत राहिला. जिथं थांबलं तिथं कोळशानं गोल काढला. मग हातोडीचा दांडा उलटा धरून वाट ठोकत निघाला. हात-हात अंतरावर ठोकायचा आणि कान खाली न्यायचा.

सासरे निंबाखालच्या दगडावर बसून हे सगळं पाहत होते.

“काय डाक्तर हायेस का, छाती तपासतूयास?” ते ओरडले. “माझ्या हातचं हाय ते. दगड हाय दगड. वरून फरशी टाक आन जा.”

“वस्ताद, तुमच्या हातचं आहे म्हणून तर विचारून हात लावतो,” कारागीर म्हणाला. तो खरंच अदबीनं म्हणाला, पण त्या अदबीनं सासरे जास्तच पेटले.

फाटकाजवळ दांडा टणटण वाजला. पायऱ्यांजवळही टणटण. मधल्या वीसेक पावलांत मात्र ढब, ढब, ढब. मला त्या कामातलं काही कळत नव्हतं, पण हा फरक बहिऱ्यालाही कळला असता. कारागिरानं पहार मागवली, एका भेगेत टोक घातलं आणि अंग टाकलं. काँक्रीटचा परातीएवढा तुकडा निघून आला. त्यानं तो हातावर आडवा धरला. दोन बोटं जाड होता. खाली मुरूम नाही, खडी नाही. चुलीची राख, विटांचे तुकडे आणि काळी माती.

“वस्ताद,” तो म्हणाला, “तिकडं दोन्ही टोकांना कडेनं चार बोटं भरतंय. इथं माल कमी पडला का?”

“लढाईचा वकूत हुता,” सासरे बसल्या जागेवरून म्हणाले. “शिमीट काय झाडाला लागत हुतं? जेवढं मिळालं तेवढं घातलं.”

कारागीर माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “माल कुठं गेला ते शोधणं माझं काम नाही, बाई. पण हे सगळं काढावं लागंल.”

मी वॉर्डात परत गेले, औषधं वाटली, दोघींचे ताप बघितले, आणि सारखी ती पोती डोळ्यांसमोर येत होती. वाट घातली त्या आठवड्यात अवकाळी पाऊस आला होता. ओट्यावर रचलेली पोती भिजू नयेत म्हणून मीच वॉर्डातल्या रबरी चादरी नेऊन त्यांच्यावर टाकल्या होत्या. दोन चादरींत ती झाकली गेली नाहीत, तिसरी आणावी लागली. कमी पडावीत इतकी थोडी ती पोती नव्हती.

आणि मग मला आमची खोली आठवली. आमचं लग्न त्याच महिन्यात झालं होतं.

चाळीत सगळ्यांच्या जमिनी शेणानं सारवलेल्या. आमच्या एकट्या खोलीत सिमेंटचा कोबा होता. सासऱ्यांनी लग्नाआधी घालून दिला. बायका बघायला यायच्या, पाय फिरवून बघायच्या. नवऱ्याला मी विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, “बाबांना उरलंसुरलं मिळालं असंल.” मी पुढं विचारलं नाही. मला तो कोबा आवडत होता. मी रोज ओल्या फडक्यानं पुसून तो आरशासारखा ठेवायची आणि चाळीतल्या बायकांना दिसावा म्हणून दार उघडं टाकायची.

पाळी संपल्याबरोबर मी घरी गेले, आतून कडी लावली, वरवंटा घेतला आणि गुडघ्यांवर बसून जमीन ठोकली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कुठंही ढब वाजलं नाही. उंबऱ्याशी एक कोपरा पूर्वीच उडाला होता, तिथं बोटं लावून पाहिली. चार बोटं जाड आणि खाली मुरूम दाबून बसवलेला.

मी तिथंच बसून राहिले. ज्या बाईचं मनगट मोडलं ती तिथं पडली, कारण मी इथं बसले होते. असं सरळ माझ्या मनात आलं. मग राग आला आणि तो राग मला माझा स्वतःचा यायला हवा होता, पण तो भिंतीपलीकडे गेला.

सकाळी सासरे चुन्याच्या खड्ड्यापाशी हत्यारं धूत होते. आजूबाजूला कुणी नव्हतं.

“इस्पितळाचं सिमेंट माझ्या खोलीत आहे,” मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. “तुज्यासाठी न्हाई घातलं. पोरासाठी घातलं.”

“डॉक्टरबाईंना हे सांगू?”

“सांग जा. कोन धरलंय?”

“सांगेन. मग तुम्ही पंच राहत नाही. आणि पोती एकट्यानं तर उचलली नाहीत तुम्ही. लोक त्याचंही नाव घेतील. मेलेल्याचं.”

आता त्यांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा मी कधी इतका जवळून पाहिला नव्हता. डोळ्यांखाली चुन्यानं पोळल्याचे जुने डाग होते.

“काय पायजे तुला?”

“खोटा भाग सगळा तुम्ही फोडायचा. स्वतःच्या हातानं. बिगारी राडारोडा उचलतील, पण घण तुमचा. पुन्हा भरायचं, दाबायचं, काँक्रीट घालायचं तेही तुम्हीच. कारागीर सांगेल तसं. तो नाही म्हणाला तर पुन्हा.”

“साठी उलटली माझी.”

“त्या बाईला सहा आठवडे पोर उचलता आलं नाही.”

ते बराच वेळ हातातली थापी धूत राहिले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती. मग उठले आणि घण आणायला गेले. आज मी हे लिहिताना त्या बाईचं नाव पुढं केलं याची लाज वाटते, कारण त्या क्षणी ती माझ्या मनात नव्हती. मला त्यांना वाकलेलं बघायचं होतं.

तीन दिवस घण चालला. वॉर्डाच्या खिडक्या त्या वाटेवरच उघडतात. नुकत्याच बाळंत झालेल्या बायका कानांत बोळे घालून पडायच्या, पोरं दचकून रडायची. सासरे मी झोपायला गेले की नेमके जोर लावायचे. माझी रात्रपाळी त्याच दिवशी सुरू झाली होती आणि त्यांना ते माहीत होतं. मी बाहेर येऊन म्हणाले, “दुपारी दोन तास बंद ठेवा, बायकांना विश्रांती पाहिजे.”

“फोड म्हनलीस, फोडतूया,” ते म्हणाले आणि घण उचलला.

मग मीही हटले नाही. राख आणि काळी माती हातभर खोल काढायची असं कारागीर म्हणाला होता. मी खड्ड्याच्या कडेला उभी राहून काठीनं मापायची. बोटभर कमी भरलं तरी, “इथं राहिलं, मामा,” म्हणायची, बिगाऱ्यांदेखत. मुरूम भरला तेव्हा धुम्मसानं, दांडा लावलेल्या लोखंडी ठोकळ्यानं, तो ठोकून बसवायचं जड काम होतं. त्यातला एक थर ठोकून झाल्यावर मी पाणी ओतलं आणि जिथं ते चटकन आत गेलं तिथं परत ठोकायला लावलं. ते परत ठोकायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत, धुम्मसाशी बोलायचे. शिव्या त्याला असायच्या आणि रोख माझ्यावर.

फोडायला सुरुवात झाल्यापासून चौथ्या दिवशी कारागीर आपलं पोतं बांधून व्हरांड्यात आला.

“मी जातो, बाई. नगरला मला कामं आहेत. तुमच्या दोघांच्या मधे उभं राहून माझ्यानं काम होत नाही.”

“काम चांगलं होतंय ना?”

“काम चांगलं होतंय,” तो म्हणाला. “पण असलं काम मी कुठं बघितलं नाही. मी माझ्या दुश्मनाकडूनसुद्धा धुम्मस तीनदा मारून घेणार नाही.”

मी त्याला थांबवायला डॉक्टरबाईंचं नाव घेतलं. तो थांबला, पण त्या दिवसापासून माझ्या हातचा चहा त्यानं घेतला नाही.

सहाव्या दिवशी काँक्रीट पडलं. या वेळी खडी धुऊन घेतली होती, वाळू चाळलेली होती आणि जाडी चार बोटांच्या वर होती. कारागिरानं दोरी ताणून एका बाजूला ढाळ काढून दिला, म्हणजे पाणी निंबाकडे जाईल. त्यावर ओली गोणपाटं घातली. ती पाच दिवस ओली राहायला हवी होती. तेवढ्या वेळात दोन्ही टोकांच्या जुन्या, पक्क्या भागाला टाचे मारायचे होते. म्हणजे छिन्नीनं वरचा गुळगुळीतपणा उडवून पृष्ठभाग खडबडीत करायचा, नाहीतर फरशीखालचा माल त्याला धरत नाही. हे कामही मी सासऱ्यांनाच लावलं. बोटभर अंतरावर एक टाचा, असं करत दोन्ही टोकं.

आठव्या दिवशी छिन्नी निसटली आणि हातोडी अंगठ्यावर बसली. बिगारी धावत आला. मी पेटी घेऊन गेले. नख उपटून निघालं होतं.

“हात द्या.”

“तुज्या हातचं न्हाई बांधून घ्यायाचं.”

“मातीत काम करताय. धनुर्वात झाला तर इथंच याल, माझ्याच हाताखाली. द्या.”

त्यांनी हात दिला. मी धुतला, आयोडीन लावलं. त्यांनी ओठ आवळले. पट्टी मी गरजेपेक्षा घट्ट बांधली. शिकलेली नर्स होते, किती घट्ट लागते ते मला कळत होतं.

पट्टीची गाठ मारत असताना ते वाटेकडे बघत म्हणाले, “त्याच्या हाताला तकडं कोन हुतं बांधाया?”

मी गाठ पुरी केली.

“तुमी म्हनला हुता त्याला, जा म्हनून,” ते म्हणाले. मला ते कधी ‘तुम्ही’ म्हणत नसत. “म्या ऐकलं हुतं. भिताडातनं.”

“हो,” मी म्हणाले. “म्हणाले होते.”

मला वाटलं, आता काहीतरी होईल. ते ओरडतील, किंवा रडतील, किंवा मी रडेन. तसं काही झालं नाही. ते म्हणाले, “म्हाईत हुतं मला,” आणि पट्टी बांधलेल्या हातात छिन्नी धरून पुन्हा टाचे मारायला बसले. मी पेटी बंद केली आणि आत गेले. खिडकीतून पाहिलं तर त्या हातात छिन्नी धड धरली जात नव्हती, घाव नेमका बसत नव्हता. चारांतला एक बसत होता. मी जाऊन पुरे म्हणायला हवं होतं. कारागिरानं जाऊन त्यांच्या हातातून छिन्नी काढून घेतली आणि त्यांना निंबाखाली बसवलं. पाच मिनिटांत ते परत उठून आले.

अकराव्या दिवशी गोणपाटं काढली. कारागिरानं पुन्हा दांडा उलटा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट ठोकली. सगळीकडे टणटण. पाणी सोडलं, ते एका बाजूनं सरळ निंबाच्या आळ्यात गेलं. कुठं थेंब थांबला नाही.

“आता फरशी टाकतो,” तो म्हणाला आणि सासऱ्यांकडे वळून त्यानं छातीवर हात ठेवला. “वस्ताद, याच्यावर बैलगाडी गेली तरी काही होणार नाही.”

सासऱ्यांनी मान हलवली. हत्यारं धुतली, फेटा झटकून बांधला आणि माझ्यासमोरून, माझ्याकडे न बघता, सरळ डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले.

अर्ध्या तासानं मला बोलावणं आलं. सासरे भिंतीशी उभे होते, पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हातात धरून. डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या होत्या.

“यांनी मला सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “वाटेचं सिमेंट कुठं गेलं ते. मुलाला यातलं काही माहीत नव्हतं, हेही सांगितलंय. पोती त्यांनी एकट्यानं, तो गावाला गेला होता तेव्हा नेली.”

“व्हय,” सासरे म्हणाले. “माझ्या पोराचा त्यात हात नव्हता. ते लिवून ठिवा पायजे तर.” मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाले, “आन ह्या बाईला ठावं हुतं. अकरा दीस ठावं हुतं. तुमाला सांगितलं न्हाई. मला राबवून घेतलं.”

त्यांनी हे सगळं माझ्यासाठीच केलं होतं. पंचपद जाणार हे त्यांना माहीत होतं, नोकरी जाणार हेही. पण माझ्या हातातलं हत्यार काढून घेऊन तेच माझ्यावर चालवायला मिळत होतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. एवढं मात्र आम्ही एका घरचे होतो.

“खरं आहे का?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“खरं आहे.”

“तू झोपतेस ती जमीन इस्पितळाच्या सिमेंटची आहे हे कळल्यावर तू माझ्याकडे आली नाहीस.”

“नाही.”

त्या सासऱ्यांना म्हणाल्या, “तुम्ही जा.” ते गेल्यावर मला म्हणाल्या, “चोरी त्यांनी केली आणि ती त्यांनी सांगितली. म्हाताऱ्या माणसाच्या फुटलेल्या हातात तू छिन्नी ठेवलीस, ते मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, काम नेटानं करून घेते आहे मुलगी.” त्यांनी हात पुढं केला. “वॉर्डाच्या किल्ल्या दे.”

मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. दुसऱ्या दिवसापासून मला बाहेरच्या खोलीत, जखमा धुण्याच्या आणि मलमं लावण्याच्या कामावर टाकलं. बाळंतपणाच्या खोलीत मी पुन्हा पाय ठेवला नाही. ते काम मला येत होतं आणि आवडत होतं. ते गेल्याचं दुःख मला नवरा गेल्याच्या दुःखाएवढंच झालं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, इथं लिहिते.

सासऱ्यांनी पंचपद सोडलं. नाताळाच्या आत फरशी बसून झाली. नाताळाच्या दिवशी बायका त्या वाटेनं खोबऱ्याच्या करंज्यांची ताटं घेऊन गेल्या. मी माझ्या खोलीत होते. सासरे राहात्याला आपल्या मुलीकडे, माझ्या नणंदेकडे गेले. जाताना सामानाची गाडी माझ्या दारावरून गेली. मी दार उघडलं नाही आणि त्यांनी हाक मारली नाही. डॉक्टरबाईंनी मला खोली बदलायला सांगितलं नाही. मीच मागून घेतली. चाळीच्या टोकाची, शेणानं सारवलेली.

दोन वर्षांनी मी कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात नोकरी धरली. राहाता तिथून फार लांब नव्हतं. नणंद एकदा येऊन गेली. म्हणाली, “बाबा तुजं नाव घेत न्हाईत, पन कुनी दुसऱ्यानं घेतलं तर ऐकून घेत्यात.” मी म्हणाले, “त्यांना सांग मी बरी आहे.” तिनं सांगितलं की नाही मला माहीत नाही.

मग एका उन्हाळ्यात तिचं पोस्टकार्ड आलं. बाबांचं जास्त आहे, अन्न सोडलंय, येऊन जा. दुसऱ्या दिवशी रविवार होता, मला सुट्टी होती. मी साडी बदलली आणि मोटारीच्या थांब्यापर्यंत गेले. मोटार उभी होती. कंडक्टर राहाता-राहाता ओरडत होता. मी एका झाडाखाली उभी राहिले. काय बोलणार होते मी? माफ करा म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि त्यांनी माफ केलं असतं तर मला ते सहन झालं नसतं. ते मेल्यावर प्रार्थनेत लोकांनी माझ्याकडे बघितलं असतं, तेही डोळ्यांसमोर आलं. मोटार गेली.

मी परत आले, साडी बदलली आणि सुट्टी असूनही दवाखान्यात गेले. ऊसतोडीवाल्यांची पोरं खरजेनं बेजार होऊन ओट्यावर बसली होती. सगळ्यांना गरम पाण्यानं धुऊन गंधकाचं मलम लावेपर्यंत दिवे लागायची वेळ झाली.